एका सिस्टरला किती खाटा

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवाल्याच्या तराजूखाली हात घालून बघणारी बाई मी. परीक्षेला पर्यवेक्षण करताना माझ्या वर्गात मुलं खोकायलाही बिचकायची. त्यामुळे पुढे जे लिहिलंय त्यात मी बऱ्याच जणांवर संशय घेतलेला दिसेल. त्यातला काही खरा निघाला, काही खोटा, आणि एक अजून तसाच पडून आहे.

आमच्या बिल्डिंगमधल्या एका वहिनींच्या भाच्याला परवा मला झाला होता तोच, अंग लुळं पाडणारा नसांचा आजार झाला. त्या धावत वर आल्या आणि म्हणाल्या, "नलूताई, तुम्ही यातून उठलायत, आम्हाला काहीतरी सांगा." दारात उभ्या उभ्या काय सांगणार? म्हणून बसून लिहिते आहे. औषधांची नावं लिहिणार नाही, ती डॉक्टर सांगतील. डॉक्टर जे सांगत नाहीत तेवढंच लिहिते.

चपलांवर संशय

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आम्ही डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडच्या आत राहायचो. मी कल्याणच्या एका शाळेत शिक्षिका, नवरा मोहन एमआयडीसीतल्या कंपनीत. मुलगी मंजू तेव्हा तिसरीत. माहेर ठाण्याच्या कोळीवाड्यातलं. वडील गेलेले, आई बाजारात मासळी विकायची. नवरात्रात दरवर्षीप्रमाणे आईबरोबर टेंभी नाक्याच्या देवीला गेले होते. रांगेत पायांना मुंग्या आल्या. घरी आले तरी त्या उतरेनात. मी नव्या चपलांवर संशय घेतला आणि दुकानदाराशी भांडूनही आले.

मग एके दिवशी फळ्यावर लिहिताना हातातून खडू सुटला. उचलला, पुन्हा सुटला. मुलं हसली. पुन्हा वाकले आणि उठताच येईना. दोन मुलींनी धरून खुर्चीवर बसवलं. आमचे फॅमिली डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, तुम्ही बायका वेळेवर जेवत नाही. त्यांनी ते ताकदीचं लाल इंजेक्शन दिलं. त्या काळी आमच्याकडे कुठल्याही दुखण्याची सुरुवात त्या लाल इंजेक्शनानेच व्हायची. आई मला बघायला आली, मी चार पावलं चालून दाखवली, आणि तिचा चेहरा बदलला. ती तिच्या खाडीकाठच्या बोलीत म्हणाली, "खारीच्या चिखलातून पाय उचलावा तशी चालतेस गो तू. हे काय साधं नाय."

ठाण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय उडाला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली, तोही नाही. मग त्यांनी माझ्याकडे न बघता मोहनकडे बघितलं. इतकी वर्षं पालकांशी बोलतेय, मुलाला बाहेर बसवून आईबापांकडे कधी बघतात ते मला माहीत आहे.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. शरीर स्वतःच्याच नसांवर उलटलंय. लुळेपणा पायांतून वर चढत जाईल. छातीपर्यंत पोचला तर श्वासासाठी मशीन लावावं लागेल. मग तो थांबेल आणि आला तसा हळूहळू उतरेल. "मोस्टली पेशंट पूर्ण बरा होतो," ते म्हणाले. बाकी सगळं मी ऐकलं, पण तो "मोस्टली" शब्द मला चावला. त्याच्याबद्दल विचारायला तोंड उघडलं तर जीभ जड झाली होती.

काचेच्या आत

एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मला ठेवलं. आयसीयूत सहा खाटा होत्या, दोन श्वासाची मशीनं. एक मला लागलं, एक समोरच्या खाटेवरच्या आजोबांना. आधी तोंडातून नळी होती, पुढे गळ्याला भोक पाडून तिथून घातली. हात नाही, पाय नाही, आवाज नाही. पापण्या तेवढ्या माझ्या ताब्यात राहिल्या. एकदा मिटल्या तर हो, दोनदा मिटल्या तर नाही, असं मोहनने ठरवलं.

हा आजार होणाऱ्याच्या नातेवाइकांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. पेशंटला सगळं ऐकू येतं, सगळं कळतं. बोलता येत नाही म्हणजे ऐकूही येत नसेल, असं लोक धरून चालतात. माझ्या उशाशी उभं राहून एका लांबच्या चुलत दिराने मोहनला विचारलं होतं, "मुलीचं पुढे काय करायचं ठरवलंयस?" मी टक्क जागी होते.

बोलता येईना तसा संशयाला ऊत आला. काचेपलीकडे मोहन आणि डॉक्टर बोलताना दिसले की वाटायचं, मशीन काढायचं ठरतंय. सिस्टर "छान प्रगती आहे हं" म्हणाली की मी तिचे डोळे बघायची. ते माझ्याकडे नसून मशीनकडे असायचे. खिडकीजवळच्या खाटेवर एका बिल्डरचे सासरे होते, सगळं लक्ष तिकडेच जातंय अशी माझी खात्री होती. टेबलाशी बसून सिस्टर सतत काहीतरी लिहायच्या. इतकं काय लिहायचं असतं बाई? मला वाटायचं, घरची पत्रं लिहीत असणार.

पण खरी भीती एकाच गोष्टीची होती. माझ्या घशात कफ साठायचा आणि तो मला खोकून काढता येत नव्हता. सिस्टर येऊन नळीत बारीक नळी घालून तो ओढून काढायची. तो काढताना जीव कासावीस व्हायचा, आणि नाही काढला तर जीव जायचा. घशात घरघर सुरू झाली की मी सिस्टरच्या चपलांचा आवाज येतोय का ते ऐकत पडायची. माझा जीव त्या चपलांच्या येण्यावर टांगलेला होता, यात काडीची अतिशयोक्ती नाही.

सकाळच्या पाळीला सहा खाटांना तीन सिस्टर असत. मुख्य सावंत सिस्टर, मूळच्या कोकणातल्या, ताठ बाई. त्यांच्या कडक टोपीची मलाच भीती वाटायची. दुसरी लिसी, केरळची, तिचं मराठी निम्मं हिंदी. तिसरी बदलत असायची. माझे केस लांब, त्यांचा पार गुंता झाला होता. कापून टाका, असं कुणीतरी सुचवलं. लिसी म्हणाली, "नाही. मॅडम टीचर आहे, शाळेत कशी जाणार?" आणि तिने थोडं थोडं तेल लावून दोन दिवसांत तो गुंता सोडवला, वेणी घातली. त्या वेणीसाठी मी तिला आजही दुवा देते.

आई हॉस्पिटलच्या जिन्यात मुक्काम ठोकून बसली. भेटीची वेळ संपली की वॉचमन तिला घालवायला यायचा. ती त्याला सांगायची, "माजे पोरीला सोरून मी नाय जानार. इकरंच बसतंय." शेवटी सावंत सिस्टरनी नियम मोडून तिला आत घ्यायला सुरुवात केली. आई माझे हातपाय चोळायची, तोंड पुसायची, ओठांना ओला कापूस लावायची. मला बरं वाटायचं आणि लगेच संशयही यायचा, की फुकटचे दोन हात मिळाले म्हणूनच बाई इतक्या उदार झाल्या. दोन्ही खरं असावं.

पाहुणे येती घरा

एके दिवशी कळलं की कारखानीस नावाचे कुणी साहेब येणार आहेत. ट्रस्टींच्या ओळखीतले. एका मोठ्या कारखान्यात कुठल्या कामाला किती माणसं लागतात हे मोजायचं त्यांचं काम. तेच ते आयसीयूत येऊन मोजणार होते, की इथे सिस्टर किती लागतात. मला हे पटलं नाही. मला वाटलं, कुठल्या पेशंटला आता मशीनची गरज नाही, ते ठरवायला येतोय. तो दार उघडून येईल आणि माझ्याकडे बोट दाखवेल, अशी माझी खात्री झाली होती.

त्या सकाळी सावंत सिस्टर नेहमीपेक्षा लवकर आल्या. मग जे सुरू झालं ते मी पडल्या पडल्या बघत राहिले. रोज दुपारपर्यंत चालणारी कामं त्यांनी साहेब यायच्या आत उरकायला घेतली. सगळ्यांना स्पंज, चादरी बदलल्या, कुशी वळवल्या, कफ ओढले, सलाइनच्या नव्या बाटल्या लावल्या. पाळी संपलेल्या सिस्टरनाही त्यांनी हाताशी धरून ठेवलं. मुलगी बघायला येणार असल्यावर घरात चालते तशी धांदल. "माझ्या आयसीयूला कुणी नाव ठेवलेलं मला खपणार नाही," त्या लिसीला म्हणाल्या. आईलाही त्यांनी कामाला जुंपलं आणि मग साहेब यायच्या आधी बाहेर बसवलं.

कारखानीस आले. सभ्य गृहस्थ, हातात घड्याळ आणि कागद. "आपलं चालू द्या. मी इथे नाहीच असं समजा," म्हणाले आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. चालू द्यायला काही उरलंच नव्हतं. आयसीयू लखलखीत. पेशंट धुऊन पुसून झोपलेले. तिघी सिस्टर हात बांधून उभ्या. मधूनच एखादी उगाच चादरीची सुरकुती काढायची. साहेबांना चहा आला, बिस्किटं आली. ते बराच वेळ बसले आणि जाताना सावंत सिस्टरना म्हणाले, "फार व्यवस्थित ठेवलंय तुम्ही. इतकी शिस्त असेल तर तीन कशाला? दोघींतही सहज निभेल." सावंत सिस्टर हसल्या. त्यांना ते कौतुकच वाटलं.

मला तिथेच कळलं. शाळा तपासणीच्या आदल्या दिवशी आम्ही काय काय करतो, हे कुठल्याही शिक्षिकेला विचारा. व्हरांडा धुतो, पाठ आधीच घोकून घेतो, साहेब येतात आणि खूश होऊन जातात. पण शाळेत खूश झालेला साहेब एक शिक्षक काढून नेत नाही. इथे बाईंनी आपल्या हाताने आपलं नुकसान करून घेतलं होतं, आणि माझंही.

संध्याकाळी मोहन आला. मी जोरजोरात पापण्या मिटायला लागले. "दुखतंय? कूस बदलायची? पंखा लावू? मंजूची आठवण येतेय?" प्रत्येकाला मी नाही म्हणत गेले. माझ्या भाषेत फक्त उत्तरं होती, प्रश्न दुसऱ्याने आणायचे. आणि 'त्या माणसाने चुकीचं मोजलं का?' असा प्रश्न कुणाला सुचणार? मोहनने माझे डोळे पुसले आणि म्हणाला, "नलू, घाबरू नकोस." मला त्याचा इतका राग आला की काही विचारू नका.

दोघी

पुढच्या आठवड्यापासून तिसरी सिस्टर बंद झाली. फरक ज्यांना उठून बसता येत होतं त्यांना फारसा जाणवला नसेल. मला पहिल्या सकाळीच जाणवला. घरघर सुरू व्हायची आणि चपला यायच्या नाहीत. यायच्या तेव्हा पळत यायच्या. लिसी आधी माझ्याशी बोलत बोलत काम करायची, "मॅडम, आता सक्शन करणार, थोडा त्रास होणार हं." आता न बोलता नळी घालायची आणि पुढच्या खाटेकडे धावायची. तिचा डबा टेबलाखाली तसाच पडलेला दिसायचा.

सगळ्यांचा सगळ्यांवर संशय सुरू झाला. मोहनला वाटलं, एक माणूस कमी केलं म्हणून या मुद्दाम हळू काम करतायत, पेशंटच्या जिवावर निषेध चाललाय. तो एकदा सावंत सिस्टरच्या अंगावरच गेला. "तिच्या घशात घरघर वाजतेय आणि तुम्ही तिकडे बसून लिहिताय?"

"लिहिलं नाही तर औषध दिलं की नाही ते पुढच्या पाळीला कोण सांगणार?" त्या म्हणाल्या. "एकाला दोनदा गेलं तर चालेल तुम्हाला? आणि मी बसलेली नाही. उभी राहून लिहितेय, बघा जरा."

खरंच उभ्या होत्या. पण मोहन ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता. तो आधीच कंपनीतली रजा संपलेला, घरी माझ्या सासूबाई आणि मंजू, रोज डोंबिवली ते ठाणे खेपा. त्याची बहीण त्याला सांगत होती, मुंबईच्या सरकारी हॉस्पिटलात हलवा. आई सांगत होती, हलवाल तर मधेच मरेल. त्या दोघींचं जिन्यात कडाक्याचं वाजलं, ते मला काचेतून दिसलं. आईला तर वेगळाच संशय. तिला वाटत होतं, माझी आशा सोडलीय आणि म्हणून सिस्टर कमी केल्यात. माझ्या उशीखाली तिने देवीचा अंगारा ठेवला होता, त्याच्या जोडीला आता लिंबू आलं.

आमच्याकडे शुक्रवार हा वीज जाण्याचा वार. हॉस्पिटलला जनरेटर होता, पण खाली जाऊन तो चालू करावा लागायचा आणि त्याचे नखरे असायचे. त्या काळची मशीनं, वीज गेली की गप्प. मग रबरी फुगा नळीला जोडून हाताने दाबायचा आणि पेशंटला श्वास द्यायचा. एका फुग्याला एक माणूस लागतो. इतका साधा हिशेब आहे.

त्या शुक्रवारी सकाळी वीज गेली. तिसरी सिस्टर होती तेव्हाही गेलेली, पण दोघी फुगे दाबायच्या आणि तिसरी बाकीच्यांकडे बघायची. या वेळी लिसीने माझा फुगा धरला, सावंत सिस्टरनी समोरच्या आजोबांचा. आणि तेवढ्यात तीन नंबरच्या खाटेवरून धप्पकन आवाज आला. तिथे एक काका होते, हृदयाचे पेशंट, दोन दिवसांपूर्वीच माझ्याशी एकतर्फी गप्पा मारून गेलेले. ते या गोंधळाने घाबरून उठायला गेले आणि खाली पडले.

लिसी तिकडे बघायची आणि माझ्याकडे बघायची. तिच्या डोळ्यांत मी पहिल्यांदाच भीती बघितली. मला सोडून ती जाईल का, एवढाच माझा प्रश्न होता. जाऊ नये, असं मला अगदी मनापासून वाटत होतं. ते काका जमिनीवर कण्हत होते तरी वाटत होतं.

"अम्मा, इधर आओ!" तिने दाराशी आलेल्या आईला हाक मारली आणि हाताला धरून जवळ ओढलं. "असा दाबायचा, असा सोडायचा. थांबायचं नाही." फुगा आईच्या हातात देऊन ती पळाली.

 आई घाबरून भराभर दाबायला लागली. एक श्वास आत जातोय न जातोय तोच दुसरा. छाती फुटेल असं वाटायला लागलं, डोळ्यांपुढे काळोखी आली. मी पापण्या मिटल्या.

"डोले उघर, नलू. माजेकरं बग," आई रडत म्हणाली. मी बघितलं. तीही बघत राहिली, आणि मग तिने विचारलं, "जास्त व्हतंय का गो? हलू करू?"

मी एकदा पापण्या मिटल्या. आईचे हात हळू झाले. जनरेटर लागेपर्यंत तिने मला श्वास दिला. जन्म दिला तेव्हाचं मला आठवत नाही, पण हे आठवतं.

तीन नंबरचे काका थोड्या दिवसांनी गेले. हृदयच कमजोर होतं, असं त्यांच्या मुलाला सांगितलं. पडल्यामुळे गेले की जाणारच होते, हे मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. माझा संशय मात्र तिथेच उभा आहे, आणि पुरावा नाही म्हणून मी तो सोडणार नाही.

दुसऱ्याचं बोट

डॉक्टरांचा "मोस्टली" माझ्या बाबतीत खरा ठरला. आधी खांदा हलला. मग मशीन थोडा वेळ काढून ठेवायला लागले, मग जास्त वेळ, मग ते बाजूलाच गेलं. गळ्याची नळी राहिली. त्या नळीच्या भोकावर बोट ठेवलं की हवा वर जाते आणि आवाज निघतो. माझं बोट अजून गळ्यापर्यंत पोचत नव्हतं, म्हणून बोलायला दुसऱ्याचं बोट लागायचं. पहिल्यांदा आईने ठेवलं. मी म्हणाले, "पंखा बंद कर." आई ढसाढसा रडली. मोहन म्हणाला, चला, मूळ स्वभाव परत आला.

दुसरं वाक्य मी सावंत सिस्टरसाठी राखून ठेवलं होतं. लिसीने बोट ठेवलं आणि मी म्हणाले, "साहेब यायच्या आधी तुम्ही सगळं आवरून ठेवलंत. म्हणून तिसरी गेली."

त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे माझी चूक? पसारा दाखवायचा होता का त्यांना?"

"हो," मी म्हणाले. त्यांनी लिसीचं बोट माझ्या गळ्यावरून बाजूला केलं आणि निघून गेल्या. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

मग कळलं, कारखानीस पुन्हा येणार. दोघींत नीट चाललंय का ते बघायला. नीट दिसलं तर दोघींचंच कायमचं होणार होतं. मशीन सुटलं तरी माझा कफ अजून सिस्टरच काढायच्या. आणि माझ्या जागी उद्या मशीनवर दुसरं कुणीतरी येणारच होतं.

त्या सकाळी सावंत सिस्टर पुन्हा लवकर आल्या. पुन्हा स्पंजची भांडी, पुन्हा चादरी. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा त्यांचा बाणा काही सुटेना. माझ्या खाटेशी आल्या तेव्हा मला परसाकडला झालं होतं. लाज सोडून लिहिते आहे, कारण या आजारात हेही रोजचं असतं आणि कुणी सांगत नाही. लिसी साफ करायला आली. मी डोळ्यांनी तिला बोट ठेवायला सांगितलं.

"आत्ता नको. ते आल्यावर."

सावंत सिस्टर माझ्याकडे बघतच राहिल्या. "वेड लागलंय का तुम्हाला? परका पुरुष येणार इथे. त्याच्यासमोर तुम्हाला अशी ठेवू?"

"ठेवा."

"मी नाही ठेवणार. इतक्या वर्षांत माझा पेशंट असा राहिलेला नाही."

"मग तुम्ही आवराल आणि तो दोन लिहून जाईल," मी म्हणाले. पुढे बोलायला श्वास पुरेना.

 त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं आणि दुसऱ्या खाटेकडे गेल्या. मी तशीच पडून राहिले. सासऱ्यांसमोर कधी पाय पसरून बसले नाही अशी मी. अंगाखाली ओलं, स्वतःचाच वास नाकात, हात उचलून डोळे पुसता येत नाहीत. मला इतकी लाज वाटत होती की साहेब येऊच नयेत असंही वाटून गेलं.

कारखानीस आले. नाकाला रुमाल लावायचा की नाही, हे त्यांना ठरवता येईना. लिसी आणि सावंत सिस्टरनी माझ्याभोवती पडदा ओढला. मला एकटीने वळवता येत नाही. एकीने धरायचं, दुसरीने पुसायचं, त्यातच गळ्याची नळी सांभाळायची. मी अर्धी कुशीवर असताना समोरच्या आजोबांचं मशीन ओरडायला लागलं.

"सिस्टर," पडद्यापलीकडून कारखानीस म्हणाले. "हे वाजतंय." मग जरा मोठ्याने, "सिस्टर, अहो, हे थांबत नाहीये. यांचा चेहरा बघा तुम्ही."

लिसी हातमोजे ओरबाडून काढत पळाली. सावंत सिस्टर एका हाताने मला कुशीवर तोलून राहिल्या. खिडकीकडून कुणीतरी पाणी मागत होतं, मागतच होतं. मशीन शांत झालं तेव्हा कारखानीस पडद्याजवळ आले. आवाज चिडलेला होता. "दोघी एकदम एकाच पेशंटकडे कशा काय? मी येणार म्हणून हे मुद्दाम योजलंय का?"

सावंत सिस्टरचे कान लाल झाले. पण गाऱ्हाणं करणं त्या बाईच्या रक्तातच नव्हतं. ओठ घट्ट मिटून त्या मला धरून उभ्या राहिल्या. मी त्यांच्याकडे बघितलं. विनवणी करावी लागली तेवढी डोळ्यांनी केली. त्यांनी मला हळूच उताणं केलं, माझ्या अंगावर स्वच्छ चादर ओढली, हातमोजा काढला, स्पिरिटचा बोळा बोटांवरून फिरवला. आणि माझ्या गळ्यावर बोट ठेवलं.

"एकीने मी वळत नाही, साहेब," मी म्हणाले. "ही रोजचीच घाण आहे. मागच्या वेळी तुम्हाला दिसली नाही, कारण तिसरी होती. ती तुम्ही काढलीत."

 पडद्यापलीकडे स्टूल सरकल्याचा आवाज आला. ते त्या दिवशी चहा न घेता दुपारपर्यंत बसले.

तिसरी सिस्टर परत आली ती नवीनच, चिपळूणकडची, नुकतीच पास झालेली. पहिल्या दिवशी ती माझ्या पायथ्याशी येऊन उभी राहिली. हातात नळी नाही, औषध नाही, कागद नाही. मी तिच्याकडे संशयाने बघितलं. आईला खूण करून बोट ठेवून घेतलं आणि विचारलं, "काय करतेस गं तू?"

"काही नाही, बाई," ती म्हणाली. "तुमची छाती वरखाली होतेय ना, ते बघतेय."

मी डोळे मिटले. त्या हॉस्पिटलात आल्यापासून पहिल्यांदा, भर दिवसा, चपलांची वाट न बघता मला झोप लागली.